टोपली, हकिकत आणि पंगत

सुरतच्या दक्षिण अंगाला, पांडेसरा औद्योगिक वसाहतीला खेटून बमरोली आहे. एके काळच्या या गावाला आता लूमच्या खात्यांनी, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलींनी आणि भाड्याच्या खोल्यांच्या रांगांनी वेढले आहे. शहराचे सांडपाणी वापरण्याजोगे शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवणारा महापालिकेचा प्रकल्पही इथलाच. तो 2014 साली सुरू झाला आणि त्याची क्षमता दिवसाला 4 कोटी लिटरची आहे. इथल्या गल्लीत गुजराती, हिंदी, ओडिया यांच्या जोडीने मराठी आणि अहिराणी कानावर पडते. महापालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचेही वर्ग भरतात, कारण जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून पोटासाठी आलेली माणसे गेली कित्येक दशके या शहरात मुळे धरून आहेत.

ही माणसे बहुतेक तापी खोऱ्यातल्या रेल्वेने आली. भुसावळहून निघालेली गाडी नंदुरबार, चिंचपाडा, नवापूर करत सुरतेच्या उधन्याला पोचते. नवापूरच्या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, फलाटावर बसल्या बसल्या राज्य बदलते. या पट्ट्यात, विशेषतः नवापूर तालुक्यातल्या आदिवासी गावांत, ख्रिस्ती मंडळ्या आता तीन-चार पिढ्या जुन्या आहेत. चिंचपाड्याचे ख्रिश्चन हॉस्पिटल तिथल्या सगळ्या जातीधर्मांच्या लोकांना माहीत आहे. साहजिकच या वाटेने सुरतेत येणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. येताना ती कपड्यांच्या बोचक्यात पवित्र शास्त्र म्हणजे बायबल आणि गीतांचे पुस्तक आणतात, आणि जेवणाआधी डोळे मिटून आभार मानायची सवयही बरोबर आणतात.

ही सवय शहरात टिकते का, टिकली तर कोणत्या रूपात, आणि ती पुढच्या पिढीला शिकवायची कशी, हा या लेखाचा विषय आहे. गावात त्या सवयीला जमिनीचा आधार असतो. पाऊस येतो, पीक उभे राहते, कापणी होते आणि पहिली कणसे देवापुढे ठेवली जातात. कुणी दिले आणि कशाबद्दल आभार मानायचे, हे डोळ्यांना दिसते. बारा तासांची पाळी संपवून खोलीवर परतणाऱ्या माणसाला पाऊस म्हणजे तुंबलेला रस्ता, आणि धान्य म्हणजे दुकानातली पिशवी. त्याच्या मुलाने देवाचे आभार मानावेत असे वाटत असेल, तर त्याला काय दाखवायचे?

पुष्कळांची समजूत अशी की कृतज्ञता स्वभावात असावी लागते. कुणाच्यात ती असते, कुणाच्यात नसते. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देते. ते पत्र तुरुंगातून लिहिलेले आहे आणि मुळात ते आभाराचे पत्र आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पौलाला मदत पाठवली होती. ती पोचल्याचे तो कळवतो, आणि त्याच ओघात सांगतो की भरल्या ताटात आणि रिकाम्या ताटात समाधानाने राहायला तो शिकला आहे. विपुलता आणि उणीव, दोन्हींचा धडा त्याने गिरवला होता. ख्रिस्ती परंपरेत कृतज्ञतेची शाळा आहे ती या अर्थाने. तिच्यात अभ्यास आहे, पाठांतर आहे, चुका आहेत आणि वरच्या इयत्ताही आहेत.

या शाळेचा सर्वांत जुना आणि सर्वांत नेमका धडा जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. इस्राएली शेतकऱ्याने पहिले पीक टोपलीत घालून याजकाकडे आणावे, अशी तिथे आज्ञा आहे. पण टोपली ठेवून त्याने मुकाट्याने घरी जायचे नाही. टोपलीपुढे उभे राहून त्याने आपल्या घराण्याची हकिकत मोठ्याने म्हणायची आहे: आपला पूर्वज भटका अरामी होता, मूठभर माणसांनिशी तो मिसर देशात गेला, तिथे उपरा म्हणून राहिला, वंशजांना वेठीला धरले गेले, त्यांनी हाक मारली, देवाने ती ऐकली, आणि म्हणून आज ही जमीन आणि ही टोपली. इतके झाल्यावर तिसरी आज्ञा येते. घरादारासह आनंद करायचा, आणि त्या आनंदात ज्याच्या वाट्याला जमीन नाही त्या लेव्याला आणि दारी आलेल्या परक्याला सामील करून घ्यायचे.

टोपली, हकिकत आणि पंगत, अशी ही तीन अंगे आहेत. तिन्ही एकत्र असतील तरच आभार पुरे होतात. नुसती टोपली ठेवली तर तो कर होतो. नुसती हकिकत सांगितली तर ती मोठेपणाची कहाणी होऊ शकते. आणि पहिली दोन सोडून नुसती पंगत घातली तर ते घरगुती जेवण झाले. बमरोलीसारख्या ठिकाणी हा अध्याय वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. इथे आभाराचे पहिले वाक्यच स्थलांतराचे आहे. ज्याच्या बापजाद्यांनी गाव सोडले, परक्या मुलखात भाड्याने राहिले, राबले, त्याच्यासाठीच ही प्रार्थना रचली असावी असे वाटते.

टोपलीपासून सुरुवात करू. मराठी मंडळ्यांत कापणीचा सण अजून होतो. वेदीपुढे भोपळे, केळीचे घड, ज्वारीची कणसे, अंडी, कोंबड्या, घरी केलेले लोणचे मांडले जाते. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. एखादे लिंबू त्याच्या भावाच्या वीसपट किमतीला जाते आणि घेणारा ते हसत दुसऱ्याच्या हाती देतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो, भाताच्या लोंब्या वाजतगाजत आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते, पहिली कणसे चर्चमध्ये नेली जातात. मिझोरममधली रीत याहून साधी आणि रोजची आहे. 1910 सालापासून तिथल्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ देवासाठी वेगळा काढून ठेवतात. त्याला बुहफाय थाम म्हणतात. त्या मुठींच्या बळावर तिथल्या मंडळीने पाळक पोसले आणि शाळा चालवल्या. त्या रीतीत शेत असणे गरजेचे नाही, चूल असली की पुरे.

ज्याच्याकडे शेत उरले नाही त्याची टोपली कोणती? सुरतेच्या कामगाराला मीटरवर मजुरी मिळते, किंवा महिन्याचा पगार. तरुण मुलगा कामाला लागला की त्याचा पहिला पगार किंवा त्यातला ठरावीक भाग देवाच्या कामाला देण्याची रीत पुष्कळ ख्रिस्ती घरांत आहे. ती रीत टोपलीचीच आहे, फक्त पीक बदलले आहे. मात्र पगार बँकेच्या खात्यात जमा होतो, तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, तो ओझ्यासारखा डोक्यावरून आणावा लागत नाही. म्हणून पगाराच्या बाबतीत दुसरे अंग, म्हणजे हकिकत, अधिक गरजेचे ठरते. पैसा कसा आला हे सांगितल्याशिवाय तो देणगी म्हणून ओळखूच येत नाही.

मराठी ख्रिस्ती लोकांनी ही हकिकत सांगायला फार लवकर सुरुवात केली, आणि त्यातून मराठी साहित्याला काही उत्तम पुस्तके मिळाली. मंडळीत उभे राहून साक्ष देण्याची जी प्रथा आहे, तिचाच विस्तार म्हणजे बाबा पदमनजींचे 1888 साली आलेले आत्मचरित्र 'अरुणोदय'. पंडिता रमाबाईंनी आपली साक्ष 1907 साली प्रसिद्ध केली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात भागाभागांनी निघाली आणि धर्माची कुंपणे ओलांडून घराघरांत गेली. या तिन्ही पुस्तकांचे लेखक एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत: आपण इथवर कसे पोचलो, आणि कुणाकुणाच्या हाताने?

त्यांची उत्तरे प्रामाणिक आहेत, कारण नवा धर्म घेतला म्हणून मागचे ऋण त्यांनी नाकारले नाही. रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्या ख्रिस्ती होऊन चार वर्षे झाली होती. पुस्तक त्यांनी आपल्या आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीला अर्पण केले. त्या माउलीने यात्रेच्या वाटेवर, पहाटे उठवून, आपल्या मुलीला संस्कृत शिकवले होते. पुढे दुष्काळात ती आणि तिचे पती अनंतशास्त्री दोघेही उपासमारीने गेले. आई हिंदू होती आणि हिंदू म्हणूनच वारली. मुलीला तिचे आभार जगापुढे मानताना अडचण वाटली नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे पती नारायण वामन टिळक यांनीही तसेच केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघडपणे सांगत. अभंग आणि कीर्तन त्यांनी मंडळीत आणले, ते या ऋणाची जाण ठेवूनच. आज मराठी उपासनेत जी पदे म्हटली जातात त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. टाळमृदंगाच्या तालावर ख्रिस्ताचे गुण गाणारी मंडळी दर रविवारी वारकऱ्यांचेही आभार मानत असते.

हकिकत सांगण्याचा एक नियम या लेखकांकडून शिकावा. तिच्यात माणसांची नावे असावीत. 'देवाने खूप काही दिले' असे म्हणणे सोपे आहे आणि ते लवकर पोकळ होते. कुणी सुरतेत पहिली रात्र झोपायला जागा दिली, कोणत्या शेजाऱ्याने लूमच्या खात्यात शब्द टाकला, गावी राहून म्हाताऱ्यांना कुणी सांभाळले, आजारपणात कुणी रक्त दिले, हे सांगितले की देवाच्या देण्याला चेहरा येतो. स्तोत्रसंहितेतले 136 वे स्तोत्र असेच बांधलेले आहे. त्याच्या सव्वीसच्या सव्वीस ओळींत एकच ध्रुपद येते, पण प्रत्येक ध्रुपदाआधी नवी घटना आहे: आकाश, समुद्र, मिसरातून सुटका, अरण्यातली वाट, आणि शेवटी प्रत्येक जिवाला मिळणारे अन्न. ध्रुपद सारखे असले तरी यादी पुढे सरकत राहते. ज्याची यादी थांबते त्याचे ध्रुपदही हळूहळू पाठांतर होऊन बसते.

तिसरे अंग पंगतीचे. इथे लक्ष्मीबाई टिळकांइतका चांगला शिक्षक मिळणार नाही. त्यांचे बालपण सोवळ्याओवळ्याच्या विलक्षण धाकात गेले. वडिलांच्या शुद्धतेच्या कल्पनांनी सारे घर वेठीला धरलेले होते. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला तेव्हा त्या वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्यावरही आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवीत राहिल्या. मग एके दिवशी, बाप्तिस्म्याच्या आधीच, जाती देवाने केलेल्या नाहीत हे त्यांच्या मनाला पटले. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खायला-प्यायला त्यांनी सुरुवात केली. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे टिळकांच्या घरी अनाथ पोरांपासून आल्यागेल्या कवींपर्यंत कितीजण जेवले त्याला गणती नाही. घरात पैसा टिकत नसे, आणि त्या ओढगस्तीचे वर्णन लक्ष्मीबाई ज्या खेळकरपणे करतात ते वाचून आजही माणसे हसतात. जेवणाआधीची प्रार्थना खरी आहे की नाही हे ताटाभोवती कोण बसले आहे यावरून कळते, हे त्या घराने दाखवले.

बमरोलीच्या खोलीत हे धडे रोज समोर येतात. शेजारच्या खोलीत गंजामचा ओडिया कामगार राहतो, पलीकडे उत्तर प्रदेशचे कुटुंब. अनुवादाच्या अध्यायातला परका कोण, असे विचारायला लांब जावे लागत नाही. आणि मराठी माणूस स्वतःही इथे परकाच होता. ज्याने परकेपण भोगले आहे त्याला परक्याला पंगतीत बसवण्याची आज्ञा दिलेली आहे, हे त्या अध्यायाचे मर्म आहे.

पंगतीचा प्रश्न जेवणापुरता राहत नाही. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. उधना स्थानकावर गाड्या माणसांनी ओसंडत होत्या. शहराची घाण हा त्या वेळी साऱ्या देशात चर्चेचा विषय झाला. 1995 साली एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, आणि पुढच्या दोनेक वर्षांत सुरतेची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली. आयुक्तांचे नाव इतिहासात नोंदले गेले, तसे ते जावेही. पण रोज रात्री रस्ता झाडणाऱ्या, गटारात उतरणाऱ्या, कचऱ्याचे ढीग खांद्यावरून वाहणाऱ्या माणसांची नावे फारशी कुणाला सांगता येत नाहीत. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरभर पसरली, तेव्हाही पाणी ओसरल्यावर चिखल उपसला तो याच हातांनी. ख्रिस्ती माणूस रोगातून वाचल्याबद्दल देवाचे आभार मानतो. त्या आभाराची वाट झाडूवाल्यापर्यंत पोचली नाही तर ती अर्ध्यात संपली. बमरोलीतल्या शुद्धीकरण केंद्रात पाणी स्वच्छ होते तेही कुणाच्या तरी पाळीत, कुणाच्या तरी घामाने.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येऊन आभार मानतो. तो शोमरोनी असतो, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका आणि हलका. या गोष्टीवरून मुलांना नेहमी सांगतात की नऊ जणांसारखे होऊ नका. सांगायला हरकत नाही, पण गोष्टीतला एक तपशील निसटू नये. न आलेल्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले जात नाही. देणगीची किंमत म्हणून आभार मागितलेले नाहीत. जो परत आला त्याला रोगमुक्तीपलीकडे देणाऱ्याचा चेहरा पाहायला मिळाला. मुलांना 'आभार मान, नाहीतर देव रागावेल' असे शिकवणारे घर कृतज्ञता शिकवत नाही, ते भीती शिकवते.

कृतज्ञतेची सर्वांत अवघड इयत्ता उणिवेच्या दिवसांची. इथे पुन्हा रमाबाईंकडे वळावे लागते, आणि या वेळी गुजरातचा संबंध थेट आहे. 1899-1900 चा दुष्काळ गुजरातेत आजही छप्पनियो म्हणून ओळखला जातो, कारण ते विक्रम संवत 1956 होते. त्याआधी मध्य प्रांतातल्या दुष्काळात रमाबाई स्वतः गेल्या होत्या आणि शेकडो मुलींना घेऊन पुण्याजवळ केडगावला आल्या होत्या. गुजरात आणि राजपुताना उपासमारीने पोळू लागले तेव्हा त्यांच्या कार्यकर्त्या इकडे आल्या. रस्त्याकडेला, धर्मशाळांत, दुष्काळी छावण्यांत टाकून दिलेल्या शेकडो मुली आणि बायका त्यांनी केडगावला नेल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधली वस्ती त्या काळात दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

स्वतःचे आईवडील उपासमारीत गमावलेल्या बाईने हे केले, हे विसरून चालणार नाही. पोट भरल्यानंतर त्या मुलींना मुक्तीत काय मिळाले? अक्षर, विणकाम, दूधदुभते, बेकरी, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींना ब्रेल आणि टोपल्या विणण्याचे काम. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. 1922 साली त्या वारल्या. संपूर्ण बायबल 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले, आणि त्याच्या खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतच्या कामात मुक्तीतल्या मुली आणि बायका होत्या. ज्यांना दुष्काळाने रस्त्यावर फेकले होते त्यांच्यासारख्यांनी शास्त्राची पाने छापली. उपकारस्तुती ओठांवरून हातांत उतरते ती अशी.

याच रमाबाईंकडून दुसरा, तितकाच महत्त्वाचा धडा शिकायचा आहे, आणि तो न शिकल्यामुळे ख्रिस्ती कृतज्ञतेची फार बदनामी झाली आहे. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या धर्मभगिनींच्या आश्रयाला राहिल्या आणि तिथेच मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक आई ठरल्या. घर, अन्न, शिक्षण सारे त्या भगिनींनी दिले. रमाबाईंनी त्याबद्दल मनापासून आभार मानले. पण काय मानावे, कुठे शिकवावे, कुणाला काय विचारावे हे आता आश्रयदात्यांनी ठरवायचे, हे त्यांना मान्य झाले नाही. दोघींमधला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्यात रमाबाई पुन्हा पुन्हा आणि ठामपणे सांगतात की फार कष्टाने मिळवलेले आपल्या विवेकाचे स्वातंत्र्य त्या कुणाच्या हाती देणार नाहीत. तरी नाते तुटले नाही. मनोरमेच्या शिक्षणात वाँटेजचा वाटा पुढेही राहिला.

उपकार आणि मिंधेपणा यांतली रेषा रमाबाईंनी इतकी स्वच्छ आखली आहे की ती प्रत्येक कामगार वस्तीत वाचून दाखवावी. काम दिले म्हणून मालकाचे आभार जरूर मानावेत. पण त्या आभाराच्या बदल्यात थकलेली मजुरी सोडून द्यावी, लूमवर बोट गेले तरी भरपाई मागू नये, किंवा बाईने मार खाऊनही 'देवाने संसार दिला आहे' म्हणून गप्प राहावे, असे शास्त्र कुठेही सांगत नाही. स्तोत्रांच्या पुस्तकात आभाराइतकेच आक्रोशही आहेत. ईयोब देवाशी भांडतो आणि शेवटी देव त्याच्याच बाजूने बोलतो. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असे पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो. तो त्या स्थितीत आभार मानायला सांगतो, अन्यायाचे आभार मानायला सांगत नाही. ज्या मंडळीत रडायला जागा नाही त्या मंडळीतली उपकारस्तुती फार काळ खरी राहत नाही.

मानसशास्त्रानेही या विषयाकडे लक्ष दिले आहे. 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास बराच गाजला. त्यांनी काही लोकांना दर आठवड्याला आपण कशाबद्दल आभारी आहोत ते लिहायला सांगितले, काहींना दिवसातले त्रास लिहायला सांगितले, काहींना साध्या घटना. आभार लिहिणारे आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी दिसले. निष्कर्ष उत्साह देणारा आहे आणि लिहून ठेवण्याच्या सवयीला बळ देणारा आहे. तरी ख्रिस्ती उपकारस्तुती तेवढ्यावर थांबत नाही. यादी लिहिल्यावर मन हलके होते हे खरे, पण इथे यादी कुणाच्या तरी पुढे वाचायची असते, आणि वाचून झाल्यावर कुणाला तरी द्यायचे असते.

हे सगळे घरात कसे उतरते ते एका ताटाजवळ पाहता येते. संध्याकाळची पाळी बदलण्याच्या सुमाराला अशा खोलीत चार ताटे मांडली जातात. ज्वारीची भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा, बरा दिवस असला तर शेवभाजी. धाकटा पोरगा डोळे अर्धवट मिटून, एका दमात, ओळींमध्ये श्वास न घेता प्रार्थना म्हणून टाकतो आणि आमेन म्हणायच्या आधीच भाकरीला हात घालतो. त्याला रागावण्यात अर्थ नसतो. जाणती आई त्याला थांबवते आणि एवढेच विचारते, 'आज तुला कुणी काय दिलं?' पोरगा विचारात पडतो. शाळेत कुणीतरी पेन्सिल दिलेली असते, रिक्षावाल्या काकांनी पावसात अर्ध्या वाटेपर्यंत सोडलेले असते. ती दोन नावे प्रार्थनेत जातात आणि मग जेवण सुरू होते. पंधरा दिवसांत तो न विचारता नावे सांगू लागतो. महिन्याभरात तो आईला विचारतो, 'तुला कुणी काय दिलं?'

मोठ्यांची सवय याहून अवघड असते, कारण त्यांच्याकडे तक्रारीचा साठा मोठा असतो. गणना या पुस्तकात अरण्यातल्या इस्राएली लोकांना रोज सकाळी मान्ना नावाचे अन्न मिळत होते, आणि तरी ते मिसरातल्या मासळीची आणि काकड्यांची आठवण काढून कुरकुर करत होते. सुरतेत राहून गावाची आठवण काढणे स्वाभाविक आहे, गावी गेल्यावर सुरतेची आठवण येणेही तसेच. पण जिथे आहोत तिथला मान्ना दिसेनासा झाला की माणूस दोन्ही ठिकाणी उपाशी राहतो. 31 डिसेंबरच्या रात्री मंडळ्यांत वर्षअखेरीची उपासना होते, लोक एकेक करून उठतात आणि वर्षभराची साक्ष देतात. घर घेतले, मुलीचे लग्न झाले, ऑपरेशन नीट झाले. त्या रात्री ज्यांचे वर्ष वाईट गेले तेही उठले, नोकरी गेली पण अमुक बहिणीने चार महिने रेशन भरले असे म्हणाले, तर ऐकणाऱ्यांना खरा धडा मिळतो. पाळकांनी अशा साक्षींना मुद्दाम वेळ ठेवायला हवा.

हे वाचणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक विनंती आहे. घरातले जे आजी-आजोबा, काका-काकू पहिल्यांदा सुरतेत आले, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कोणत्या साली आलो, कुठल्या गावाहून, स्थानकावर कोण घ्यायला आले, पहिले काम कुणी मिळवून दिले, पहिली खोली कुणी दिली, पहिली उपासना कुणाच्या घरी झाली, हे सारे नावांनिशी लिहून घ्या, मग ती नावे मराठी असोत, गुजराती असोत की ओडिया, ख्रिस्ती असोत वा नसोत. त्यांतले जे हयात आहेत त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा. जे गेले त्यांच्या मुलांना सांगा. जुनी माणसे एकेक करून जात आहेत, म्हणून हे काम येत्या कापणीच्या सणाआधी पुरे करावे.